तान्ह्या बालकांचा आंत्रदाह आणि एका जनुकाचा शोध

तान्ह्या बाळाला जुलाब होणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. कधी दात येण्याचे निमित्त सांगितले जाते, कधी वरच्या दुधाचे, तर कधी पावसाळ्यातील गढूळ पाण्याचे. बहुतेक बाळांचे जुलाब आईचे दूध, मीठ-साखरेचे पाणी आणि साधे औषधोपचार यांनी काही दिवसांत थांबतात. परंतु फारच थोड्या बालकांच्या बाबतीत ते थांबत नाहीत. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच शौचावाटे रक्त व आव पडू लागते, ताप येतो, गुदद्वाराभोवती गळवे होतात आणि त्यांतून भगंदर निर्माण होते. बाळाचे वजन वाढत नाही. जंतुनाशक औषधे देऊन होतात, दूध बदलून होते, शौचाची तपासणी पुन:पुन्हा होते. रोगजंतू मात्र सापडत नाही. अशा बालकांच्या आतड्याचा रोगग्रस्त भाग कापून काढण्याची पाळी शल्यचिकित्सकांवर येत असे आणि तरीही उरलेल्या आतड्यात रोग पुन्हा डोके वर काढीत असे.

यांपैकी काही बालकांच्या दुखण्याचे मूळ आतड्यात नसून रक्तातील पेशींत, किंबहुना एकाच जनुकातील एका दोषात असते, हे २००९ साली स्पष्ट झाले. जर्मनीतील हॅनोव्हर वैद्यकीय विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ डॉ. ख्रिस्तोफ क्लाइन यांनी लंडन व अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांसह हे संशोधन केले. केवळ कारण सांगून हा गट थांबला नाही. त्या कारणावर नेमका घाव घालणारा उपचार एका बालकावर करून त्याचा रोग आटोक्यात आणण्यात आला. वैद्यकशास्त्रात कारणाचा शोध आणि उपचार यांच्यामध्ये कित्येकदा पिढ्या जातात. येथे ती दोन्ही एकाच निबंधात प्रसिद्ध झाली.

रोगाची ओळख

जंतुसंसर्ग नसतानाही आतड्याला वर्षानुवर्षे सूज व व्रण राहतात, अशा विकारांना दाहक आंत्रविकार म्हटले जाते. त्यांचे मुख्य प्रकार दोन. व्रणयुक्त बृहदांत्रदाह हा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरता मर्यादित असतो. क्रोन विकार मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरतो. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते व गुरांना होणाऱ्या जोन्स रोगाशी त्याचे साम्यही दाखविले होते. तथापि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर हा रोग सर्वत्र माहीत झाला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेल्यामुळे क्रोन यांचे नाव पहिले आले आणि तेच रोगाला कायमचे चिकटले.

हा प्रामुख्याने तारुण्यात सुरू होणारा रोग असला तरी सुमारे पाव रुग्णांत त्याची सुरुवात विसाव्या वर्षापूर्वीच होते. मुलांच्या बाबतीत त्याचे एक निराळे गांभीर्य आहे. प्रौढ माणसाचे वजन घटते. वाढत्या मुलाची वाढच खुंटते. उंची वाढत नाही, वयात येणे लांबते. पोटदुखीची तक्रार ठळक नसेल तर केवळ बुटकेपणावरून रोगाचा संशय यावा, असेही प्रसंग घडतात. क्रोन विकार झालेल्या मोठ्या मुलांसाठी आज सहा ते आठ आठवडे नेहमीचे अन्न पूर्णपणे बंद ठेवून केवळ विशिष्ट द्रव आहार देण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे दाह स्टेरॉइडइतकाच प्रभावीपणे शमतो आणि स्टेरॉइडमुळे वाढीवर होणारा अनिष्ट परिणाम टळतो.

आनुवंशिकतेचा या रोगाशी संबंध असल्याचे कुटुंबांच्या पाहणीतून पूर्वीपासून दिसत होते. २००१ मध्ये क्रोन विकाराशी निगडित असे पहिले जनुक सापडले. त्यानंतर मानवी गुणसूत्रांवरील अशा दोनशेहून अधिक जागा उजेडात आल्या. परंतु त्यांपैकी प्रत्येकीचा वाटा अल्प आहे. अनेक जनुकांचे थोडे थोडे ओझे, त्यात आहार व परिस्थिती यांची भर, असे मोठ्या माणसांतील या रोगाचे स्वरूप असते. जन्मल्यावर दोन महिन्यांत आजारी पडणाऱ्या बाळाला हा हिशेब लागू पडेना. आहार, धूम्रपान किंवा राहणीमान यांपैकी कशाचाही परिणाम व्हावा एवढे त्याचे आयुष्यच झालेले नसते. तेथे एखादा मोठा व जन्मजात दोषच असला पाहिजे, हा तर्क स्वाभाविक होता.

उंदरांनी दाखविलेली दिशा

निरोगी माणसाच्या आतड्यात जंतूंची प्रचंड वस्ती असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखते, परंतु त्यांच्यावर सतत हल्ला करीत नाही. तसा हल्ला झाला तर जंतूंपेक्षा आतड्याचीच हानी अधिक होईल. याचा अर्थ असा की, प्रतिकारयंत्रणेला जशी चेतविणारी द्रव्ये आहेत तशीच तिला आवरणारीही असली पाहिजेत. अशा आवरणाऱ्या द्रव्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील डीएनएएक्स संस्थेत टिमोथी मोसमन यांच्या गटाला सापडले. पुढे ते इंटरल्यूकिन-१० या नावाने ओळखले जाऊ लागले. पेशी हे द्रव्य बाहेर सोडतात. दुसऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर त्याला धरून घेणारी एक रचना असते, तिला ग्राही म्हणतात. इंटरल्यूकिन-१० हा जणू ‘आता पुरे’ असा निरोप आहे आणि ग्राही हे तो निरोप आत घेणारे दार आहे.

१९९३ मध्ये जर्मनीतील कोलोन विद्यापीठात राल्फ क्यून, व्हेर्नर म्युलर, क्लाउस रायेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-१० चे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. या उंदरांची वाढ खुंटली, त्यांच्या अंगात रक्त राहिले नाही आणि त्यांना आतड्याचा चिवट दाह झाला. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठात असेच उंदीर संपूर्ण जंतुरहित वातावरणात वाढविण्यात आले, तेव्हा मात्र त्यांना आंत्रदाह झाला नाही. आतड्यातील जंतू आणि आवर घालणाऱ्या निरोपाचा अभाव ही दोन्ही एकत्र आली म्हणजे रोग होतो, हे या दोन प्रयोगांतून दिसून आले.

या शोधानंतर इंटरल्यूकिन-१० हेच औषध म्हणून टोचावे अशी कल्पना पुढे आली. क्रोन विकाराच्या प्रौढ रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या, परंतु अपेक्षित गुण आला नाही आणि हा विषय मागे पडला. उंदरांना जे झाले तेच एखाद्या बालकाला झाले असेल काय, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्याचे उत्तर मिळावयास सोळा वर्षे लागली.

हॅनोव्हर येथील शोध

डॉ. क्लाइन यांचा मूळ विषय पोटाचे विकार हा नव्हे. रक्तपेशी व प्रतिकारशक्ती यांचे जन्मजात दोष हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. स्वीडनमधील डॉ. रॉल्फ कोस्टमान यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास वर्णन केलेल्या एका रोगात बालकांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. त्या रोगाचे जनुकीय कारण पन्नास वर्षे अज्ञात होते. ते २००७ मध्ये डॉ. क्लाइन यांच्या गटाने शोधून काढले. थोडीच कुटुंबे घ्यावयाची, परंतु त्यांचा खोलवर अभ्यास करावयाचा, ही त्यांची पद्धत. तीच पद्धत त्यांनी आंत्रदाहाच्या बालकांना लावली.

जवळच्या नात्यात विवाह झालेली, परंतु एकमेकांशी संबंध नसलेली दोन कुटुंबे अभ्यासासाठी घेण्यात आली. दोन्ही कुटुंबांत तान्हेपणी तीव्र आंत्रदाह झालेली मुले होती. प्रत्येक माणसात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. आईवडील जवळचे नातलग असतील तर एकाच पूर्वजाच्या गुणसूत्राचा तुकडा दोन्ही बाजूंनी मुलाकडे येऊ शकतो. आजारी भावंडांत असे दुहेरी तुकडे कोठे आहेत आणि निरोगी भावंडांत ते कोठे नाहीत, याची जुळणी केली की दोष कोणत्या भागात दडला आहे याचा अंदाज येतो. मोजणीदार बांधावरून बांधाकडे जात जमिनीची हद्द ठरवितो, तशातलाच हा प्रकार आहे. त्या हद्दीत इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहीचे जनुक आढळले. हा ग्राही दोन भागांचा बनलेला असतो व त्या दोन भागांची जनुके निरनिराळ्या गुणसूत्रांवर आहेत. नंतर आणखी सहा बालकांची तपासणी झाली. एकूण नऊ बालकांपैकी चौघांत या दोन जनुकांपैकी एकात दोष सापडला.

जनुकात बदल सापडला म्हणजे तोच रोगाचे कारण ठरतो असे नाही. म्हणून या बालकांच्या रक्तपेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत त्यांच्यावर इंटरल्यूकिन-१० सोडण्यात आले. निरोगी पेशींत त्यामुळे जी रासायनिक साखळी सुरू होते ती या पेशींत सुरूच झाली नाही. उलट, दाह वाढविणारी द्रव्ये त्या अधिक प्रमाणात सोडीत राहिल्या. निरोप निघत होता, दारापर्यंत पोहोचतही होता, पण दार उघडत नव्हते. अशा बालकाला इंटरल्यूकिन-१० कितीही टोचले तरी त्याचा काय उपयोग होणार?

उपचाराची दिशा येथेच बदलली. निरोप न ऐकणाऱ्या या पेशी रक्तातील आहेत. रक्तातील पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. तेव्हा आतडे कापण्याऐवजी अस्थिमज्जाच बदलली तर? एका बालकावर निरोगी दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करण्यात आले. ते यशस्वी झाले आणि रोग शमला. नोव्हेंबर २००९ मध्ये हे सर्व अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, ज्यांच्यात ग्राही नव्हे तर खुद्द इंटरल्यूकिन-१० चे जनुक सदोष आहे अशा बालकांचीही नोंद झाली. कोलोनच्या उंदरांत जे घडले होते तेच आता माणसांत दिसले होते.

एका रुग्णावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहानपणी आंत्रदाह झालेल्या ६६ रुग्णांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी १६ जणांत या मार्गातील दोष आढळला. या सर्व सोळा जणांचा आजार वयाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू झालेला होता आणि औषधे व शस्त्रक्रिया यांना त्याने दाद दिली नव्हती. पाच जणांवर प्रत्यारोपण झाले व पाठपुराव्याच्या काळात, म्हणजे साधारण दोन वर्षे, त्यांचा रोग शांत राहिला.

प्रत्यारोपण हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. प्रत्यक्षात आधीच अशक्त झालेल्या बाळाला तीव्र औषधे देऊन त्याची स्वत:ची अस्थिमज्जा नष्ट करावी लागते. नवी रुजेपर्यंतचे आठवडे ते जवळजवळ प्रतिकारहीन असते. दात्याच्या पेशी बाळाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो. सख्ख्या भावंडाच्या ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारांत एक एवढीच. तरीही थांबणेही निर्धोक नाही. ग्राहीच्या दोषाबरोबर वाढणाऱ्या मुलांत लसिका-पेशींचा कर्करोग होण्याचा धोका असल्याचे २०१३ मध्ये दाखविण्यात आले आहे.

सर्वांनाच लागू नाही

या शोधाचे मोल सांगताना त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कॅनडातील टोरोंटो येथील ‘सिककिड्स’ या बालरुग्णालयात दाहक आंत्रविकार असलेल्या १,००५ मुलांच्या जनुकांचे वाचन करण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी सुमारे ३ टक्के मुलांतच एकाच जनुकाचा दोष रोगास कारणीभूत होता. बाकीच्या मुलांचा रोग मोठ्या माणसांसारखाच अनेक कारणांचा. मात्र वय जितके कमी तितका हा वाटा वाढतो. म्हणूनच सहा वर्षांच्या आत, आणि विशेषत: दोन वर्षांच्या आत सुरू झालेल्या रोगाकडे आता निराळ्या दृष्टीने पाहिले जाते.

असे एकेकटे दोष आज पंचाहत्तरहून अधिक जनुकांत ज्ञात आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एका मुलाची कथा या संदर्भात प्रसिद्ध आहे. आतड्याच्या भगंदरांमुळे त्याला शंभरावर वेळा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले होते. अखेर त्याच्या सर्व जनुकांचे वाचन करण्यात आले, तेव्हा प्रतिकारशक्तीशी संबंधित एका निराळ्याच जनुकात दोष निघाला. २०१० मध्ये नाळेच्या रक्तातील मूलपेशींचे प्रत्यारोपण झाल्यावर त्याचे आतडे सुधारले. चीनमध्ये शांघाय येथील फुदान विद्यापीठाच्या बालरुग्णालयात इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहीचा दोष असलेली पुष्कळ बालके आढळली आहेत. पूर्व आशियात या जनुकातील एक ठरावीक बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, हे त्याचे कारण. तेव्हा हा दोष केवळ नात्यातल्या लग्नांमुळेच दिसतो असे मानण्याचे कारण नाही.

डॉ. क्लाइन यांच्याच कामातील एक कटू अनुभव येथे नोंदविला पाहिजे. दाता न मिळणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच मूलपेशींत निरोगी जनुक घालून त्या परत द्याव्यात, असा प्रयत्न हॅनोव्हर येथे विस्कॉट-आल्ड्रिच या दुसऱ्या जन्मजात प्रतिकारदोषासाठी करण्यात आला. दहापैकी नऊ मुलांत नव्या पेशी रुजल्या. परंतु जनुक वाहून नेणारा विषाणू गुणसूत्रांत नको त्या जागी बसल्याने सात मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. २०१४ मध्ये या गटाने हे आकडे स्वत:च प्रसिद्ध केले. त्यानंतर जनुकोपचारासाठी अधिक सुरक्षित वाहकांचा अवलंब केला जाऊ लागला. डॉ. क्लाइन २०११ पासून म्युनिक येथील डॉ. फॉन हाउनर बालरुग्णालयाकडे गेले आणि टोरोंटोचे डॉ. अलेक्सो म्वीस व बोस्टनचे डॉ. स्कॉट स्नॅपर यांच्याबरोबर त्यांनी अशा बालकांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य उभे केले.

आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे, आणि कर्नाटक व तेलंगणाच्या सीमेलगत मामा-भाचीचे विवाहही होतात. ही रीत नात्याची व जमिनीची वीण घट्ट ठेवण्यासाठी पडली. तिच्याविषयी बोलताना दोषारोप न करता हिशेब समजावून देणे अधिक उपयोगी पडते. ग्राहीचा हा दोष एकाच प्रतीत असेल तर माणूस निरोगी राहतो. त्याला स्वत:ला त्याचा पत्ताही नसतो. अशा माणसाच्या आते-मामे भावंडात तोच दोष असण्याची शक्यता आठांत एक असते; भाचीत ती चारांत एक असते. पती व पत्नी दोघेही दोषवाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी होण्याची शक्यता चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील असे नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. आणि दोष दोघांकडून सारखाच आलेला असल्यामुळे सुनेलाच बोल लावण्यास शास्त्राचा काडीचाही आधार नाही.

निदानातील अडचण आपल्याकडे निराळी आहे. रक्ताचे जुलाब म्हटले की प्रथम आमांश, आणि चिवट आंत्रविकार म्हटले की क्षय, असा विचार येथे होतो व बहुतेक वेळा तो योग्यही असतो, कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन विकार हे दुर्बिणीतून पाहतानाही एकमेकांसारखे भासतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत गाईच्या दुधातील प्रथिने न सोसणे हेही नेहमीचे कारण आहे. ही कारणे तपासून झाल्यावरही रक्त थांबत नसेल, भगंदर होत असेल आणि अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्यावर बाळाची रेषा सपाट किंवा खाली जात असेल, तर त्याला जिल्हा रुग्णालयामार्फत मोठ्या केंद्राकडे पाठविणे आवश्यक ठरते. मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. तेथे जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान केले जाते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याखालील उत्कृष्टता केंद्रांत के.ई.एम. रुग्णालयाचा समावेश असून, २०२२ मध्ये प्रत्येक रुग्णामागील साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्यारोपणाने बरे होऊ शकणारे काही प्रतिकारदोष या धोरणाच्या यादीत आहेत. त्यांपैकी क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज व विस्कॉट-आल्ड्रिच या दोहोंत बालकाला आंत्रदाह होऊ शकतो.

ज्या आईबापांचे असे मूल गेले आहे त्यांचा पुढचा प्रश्न दुसऱ्या मुलाचा असतो. गर्भधारणेच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भात तो दोष आहे की नाही हे सांगता येते. गर्भलिंगनिदानास बंदी करणाऱ्या कायद्यानेही आनुवंशिक रोगांच्या अशा निदानास नोंदणीकृत केंद्रांत मुभा ठेवली आहे. मात्र त्यासाठी पहिल्या बाळातील नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. बाळ दगावल्यावर तो शोधणे फार कठीण होऊन बसते. म्हणून बाळ फार आजारी असेल आणि निदान व्हावयाचे राहिले असेल, तर त्याच्या रक्ताचे दोन-तीन मिलिलिटर जनुकीय तपासणीसाठी काढून जतन करून ठेवण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात.